हत्याराची मान

धातुशोधक यंत्र घेऊन इंग्लंडच्या शेतांतून हिंडण्याचा छंद ज्याला नव्याने जडलेला असतो, तो आपली सारी जिज्ञासा आणि बहुतेक सारी पुंजी यंत्रावर खर्च करतो. त्याची तबकडी किती इंचांची आहे, चांदी आणि लोखंड यांचे सूर ते निरनिराळे काढते किंवा नाही, पावसात चालते किंवा नाही, याविषयी तो जाणकारांना तासन्‌तास छळतो, आणि ज्या साधनाने अखेर जमिनीला हात घालायचा त्या खणण्याच्या हत्याराविषयी मात्र अवाक्षरही न काढता, दुकानातून निघता निघता, कुंड्यांत रोपे लावण्यासाठी केलेले एखादे रंगीत खुरपे उचलतो. सफोक परगण्यात स्थायिक झाल्यापासून मी या छंदात आहे आणि नवागतांचा हा क्रम मी इतक्या वेळा पाहिला आहे, की आता कोणी यंत्राविषयी सल्ला विचारावयास आला म्हणजे मी त्याला प्रथम त्याचे हत्यार दाखवावयास सांगतो.

वस्तुतः यंत्राचे काम फार मर्यादित असते. येथे काहीतरी धातुमय आहे, एवढी वर्दी देऊन ते मोकळे होते. ती वस्तू रोमन नाणे आहे की बंदुकीच्या काडतुसाचे पितळी बूड आहे, याची ग्वाही ते देत नाही. नाण्याएवढ्या वस्तूची वर्दी ते साधारणतः सहा ते दहा इंचांपर्यंत देते, आणि नांगर जेवढी माती उलथीपालथी करतो तिची खोलीही सामान्यतः याच्याच आगेमागे असते. हा योगायोग मोठा सोयीचा म्हटला पाहिजे. कारण इंग्लंड व वेल्समधील शोधकांसाठी जी आचारसंहिता 2006 साली तयार झाली आणि 2017 साली सुधारली गेली, तिचा आग्रहच असा आहे, की शक्यतो नांगरटीच्या थरातच काम करावे आणि त्याखाली उतरू नये. तो खालचा थर शतकानुशतके अस्पर्श राहिलेला असू शकतो, आणि त्याचा अर्थ लावण्याचा अधिकार पुरातत्त्वज्ञाचा आहे. तेव्हा हातभर लांबीच्या पात्याची हौस बाळगणाऱ्याने आपण कोणाच्या हद्दीत उतरू पाहत आहोत, याचा विचार अवश्य करावा. सात इंचांचे पाते पुष्कळ झाले.

आता त्या हत्याराच्या मानेविषयी. पाते जेथे मुठीला मिळते त्या जागेला मी मान म्हणतो, आणि हत्यार निवडताना नजर प्रथम तेथे गेली पाहिजे असे माझे ठाम मत आहे. खणणे म्हणजे पाते मातीत खुपसणे नव्हे. खुपसणे हा त्यातील अल्पांश. पाते आत गेल्यावर मूठ मागे रेटून मातीचा गड्डा उचकटावयाचा असतो, आणि त्या क्षणी हत्यार तरफेचे काम करू लागते. खाली मातीचा अवरोध, वर मनगटाचा जोर, आणि त्या दोहोंच्या मध्ये, म्हणजे नेमका मानेपाशी, वाकवणारा ताण सर्वाधिक. स्वस्त हत्यार पातळ पत्रा दाबून केलेले असते, त्याची मान म्हणजे त्याच पत्र्याची वळवलेली पन्हळ किंवा वेल्डिंगच्या दोन ठिपक्यांनी चिकटवलेली नळी असते, आणि मुठीत शिरणारा भाग जेमतेम बोटाच्या दोन पेरांएवढा. ते किनाऱ्याकडच्या रेताड जमिनीत वर्षभर निभावून जाईलही. पण सफोकच्या अंतर्भागात, जेथे हिमयुगातील हिमनद्यांनी आणून टाकलेली चिकणमाती पसरली आहे आणि तिच्या पोटात खडूचे तुकडे व चकमकीचे दगड ठासून भरले आहेत, तेथे ते एका सकाळीच वाकते. म्हणून पाते व मान एकाच पोलादी तुकड्यातून घडवलेली असावीत, अथवा पात्याचे पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेले असावे; वेल्डिंग असेलच, तर ते मानेभोवती सर्व बाजूंनी सलग असावे. दुकानात असताना पात्याचे टोक लाकडी ठोकळ्यावर टेकवून मुठीवर भार द्यावा. दुकानदार कपाळाला आठ्या घालील, पण मान अंगठ्याएवढीही हलली तर ते हत्यार तेथेच परत ठेवावे.

पोलाद कोणते, हा प्रश्न नाजूक आहे. फार कठीण पोलाद चकमकीच्या दगडावर आपटले म्हणजे त्याचे टवके उडतात, आणि फार मऊ असले तर ते वाकून तसेच राहते. इष्ट ते, की त्याने थोडे लवावे आणि पूर्वस्थितीस यावे. आमच्याकडे नगर जिल्ह्यात लोहार खुरप्याच्या पात्याला पाणी पाजताना भट्टीतून काढलेल्या लोखंडाचा रंग पाहून जो अदमास बांधीत असे, तोच येथील कारखान्यांत उष्णतामापकाने बांधतात, इतकाच फरक. अमेरिकन बनावटीच्या खणण्याच्या सुऱ्यांत क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेले पोलाद वापरतात. ते चिवट खरे, पण त्याला गंज चढतो, आणि ओल्या शेतातून आल्यावर ते पुसून तेलाचा हात फिरवण्याचा आळस ज्याला आहे, त्याने स्टेनलेसची वाट धरावी. गंजाचा मी बाऊ करीत नाही.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण ती मराठी माणसाच्या मनात हटकून येते. बाभळीच्या मुठीचे, वळलेल्या मानेचे आपले देशी खुरपे येथे चालणार नाही काय? मी ते येथे वापरून पाहिले आहे. उत्कृष्ट हत्यार, परंतु त्याचा धर्म निराळा. खुरपणारी बाई उकिडवी बसून पाते स्वतःकडे ओढते, आणि त्या ओढीसाठीच त्याची मान वळवलेली असते. येथे पाते सरळ खाली उतरावयाचे असते, तेव्हा मनगटाचा जोर त्या वळणातच जिरून जातो. जपानी होरी-होरी या कामाला अधिक जवळचे आहे. सरळ, किंचित पन्हळी, एका कडेला दाते असलेले, आणि बहुधा पात्यावर मापाच्या खुणा कोरलेले. त्या खुणांना मी फार मानतो, कारण वस्तू किती खोलीवर मिळाली याची नोंद वहीत करावयाची असते आणि अंदाजाने केलेली नोंद पुढे कोणाच्याच उपयोगी पडत नाही. उलटपक्षी, पुरातत्त्वज्ञांविषयीच्या आदरापोटी त्यांची थापी विकत घेणारे जे कित्येक दिसतात, त्यांची मला गंमत वाटते. ब्रिटनच्या उत्खननांत डब्ल्यू.एच.एस. ही अक्षरे उमटवलेली, विटांच्या दर्जा भरण्याची चार इंची थापी पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहे, आणि अमेरिकेत तोच मान मार्शलटाऊन या नावाला मिळतो. पण ती थापी मातीचा पापुद्रा आडवा खरवडून काढण्यासाठी आहे. तिने गवताचा गड्डा उचकटणे म्हणजे वस्तऱ्याने लाकूड फोडणे होय.

कुरणात पात्याची कसोटी लागते ती दात्यांवर. सिग्नलच्या मध्यबिंदूपासून तीन-चार इंच दूर राहून गवताचा गड्डा तीन बाजूंनी कापावा आणि चौथी बाजू तशीच जोडलेली ठेवून तो उलटा पाडावा. मुळे एका बाजूने शाबूत राहिल्याने गवत पुन्हा धरते. खालची माती कापडावर काढावी, वस्तू मिळाली की तीच माती परत लोटून गड्डा पायाने दाबावा. दाते बोथट असतील तर मुळे कापली न जाता उपटली जातात, गड्ड्याची माती झडते, आणि आठवडाभराने कुरणात पिवळे डाग उमटतात. ते डाग पाहून शेतकरी परवानगी रद्द करतो, व त्याचे काही चुकते असे मी म्हणणार नाही. भर उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत तर कुरणात खणूच नये, मग हत्यार कितीही चांगले असो.

पात्याचे टोक मात्र फार अणकुचीदार नसावे. पहिल्या एडवर्ड राजाची चांदीची पेनी वजनाने दीड ग्रॅमही भरत नाही, आणि तिच्या मुखावर टोकाचा एक ओरखडा उमटला म्हणजे सातशे वर्षे मातीने जे जपले ते क्षणात बिघडते. मी किंचित गोलसर टोक पसंत करतो. मूठ नारिंगी वा लाल असावी, कारण हिरव्या गवतात हिरवी मूठ शोधण्यात जाणारा वेळ कोणी भरून देत नाही. मुठीपुढे बोटे घसरू नयेत म्हणून अडसर असावा. आणि म्यान असावेच, ते केवळ कमरेला लावण्यापुरते नव्हे. इंग्लंडच्या 1988 च्या फौजदारी न्याय कायद्याच्या 139 व्या कलमान्वये सार्वजनिक जागी सबळ कारणावाचून पाते जवळ बाळगणे हा अपराध आहे, आणि दोन्ही कडांना धार असलेली, कट्यारीसारखी दिसणारी सुरी आगगाडीत उघडी नेणाऱ्याला आपले सबळ कारण पोलिसापुढे विशद करण्याचा प्रसंग येऊ शकतो. शेताच्या फाटकापर्यंत ती बंद पिशवीतच राहू द्यावी.

तथापि चांगल्या हत्याराचा एक गुण असा आहे, की तो विक्रेत्याच्या जाहिरातीत कधीच आढळत नाही, आणि मी त्याला मानेच्या खालोखाल महत्त्व देतो: त्याने हाताला बातमी दिली पाहिजे. ताठ पाते दगडाला, मुळाला आणि खापराला टेकताना निरनिराळे जाणवते; लेचेपेचे पाते सर्वत्र एकच गुळगुळीत अवरोध कळवते. या बातमीची किंमत फ्रूमच्या उदाहरणावरून समजावी. 2010 सालच्या एप्रिलात सॉमरसेटमधील फ्रूमजवळच्या शेतात डेव्ह क्रिस्प या शोधकाला खणताना नाण्यांनी भरलेले मातीचे भांडे लागले. ते ओळखून त्याने हात आखडता घेतला, खड्डा बुजवला आणि पुरातत्त्वज्ञांना कळवले. त्यांनी भांडे थराथराने रिकामे केले. नाणी निघाली 52,503. पण संख्येहून मोलाची गोष्ट अशी, की त्यातील सर्वांत अलीकडची, कॅरॉशियस या रोमन सम्राटाच्या काळची बहुतेक नाणी वर नसून भांड्याच्या अर्ध्याहून खाली होती, आणि त्यावरून ही पुंजी वर्षानुवर्षे साठवलेली नसून एकाच वेळी पुरलेली असावी, असे अनुमान निघू शकले. त्याने घाईने भांडे उपसले असते, तर नाणी तेवढीच मिळाली असती, अनुमान मात्र कधीच मिळाले नसते. त्याआधी 1992 साली सफोकमधल्याच हॉक्सन येथे एरिक लॉज हा एका शेतकऱ्याचा हरवलेला हातोडा यंत्राने शोधावयास गेला आणि त्याला रोमन काळातील सोन्याचांदीचा ठेवा लागला. त्यानेही तो सारा उपसला नाही, लगेच वर्दी दिली. सुमारे 15,000 नाणी आणि दागिने, चमचे, पात्रे मिळून तो ठेवा आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, आणि हातोडाही तेथेच आहे.

ही वर्दी देण्याची सक्ती येथे 1996 च्या ट्रेझर कायद्याने आहे. ठेवा या व्याख्येत बसणारी वस्तू मिळाल्यापासून चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्याला कळवावे लागते. आपल्याकडे कायदा त्याहून जुना आहे. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीचा, जमिनीत दडलेला ठेवा सापडल्यास कलेक्टरला लेखी वर्दी देणे भाग आहे, आणि शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना 1972 चा पुरावस्तूविषयक कायदाही लागू होतो. म्हणून या लेखाने कोणा वाचकाच्या मनात यंत्र व पाते घेऊन एखाद्या गढीच्या पायथ्याशी जाण्याची ऊर्मी उठली असेल, तर ती त्याने आवरावी. मात्र खुरपणी करताना, विहीर खणताना वा घराचा पाया काढताना नाण्यांचे मडके लागले, तर हात तेथेच थांबवावा, मडके आहे तसे मातीत राहू द्यावे, आणि कलेक्टर कचेरीत वर्दी द्यावी, एवढी प्रत्येकाला विनंती आहे.