दिवस मावळण्यापूर्वीची सांगली

फाल्गुनात सांगलीच्या मार्केट यार्डात राजापुरी हळदीची आवक वाढते. सौदे लांबतात, हमालांचे सदरे पिवळे होतात आणि व्यापाऱ्यास वेळेचे भान उरत नाही. वखारभागातील एका जैन घरात मात्र घड्याळापेक्षा सूर्याचा मान मोठा. ओल्या हळदीला तेथे मज्जाव आहे; संसार चालतो तो वाळलेल्या हळदीच्या व्यापारावर.

गृहिणीचा दिवस पाणी गाळण्याने सुरू होतो. मंदिरातील दर्शन, धाकटीचा डबा, धान्याची निवड यांत दुपार सरते. पाच वाजता तवा तापतो. भाकरी थापता थापता तिची दृष्टी पश्चिमेकडे वळते. १९२९ सालच्या आयर्विन पुलापलीकडे सूर्य कलू लागलेला असतो.

घरधनी उशिरा आले, तर न जेवताच निजतात. त्यांची वाट पाहताना दिवस बुडाला, की तिचेही ताट तसेच राहते. हंगामात असे दोन-चार दिवस येतातच. थोरला मुलगा शिक्षणासाठी पुण्यास गेल्यापासून पंगतीतील एक पाट भिंतीला टेकवलेला असतो.

आज सहाच्या सुमारास जिन्यात ओळखीची पावले वाजतात. ताटे मांडली जातात. इतक्यात पुण्याहून फोन येतो, “आई, जेवलो बरं का. अजून ऊन आहे.”

ती काही बोलत नाही. कढी वाढताना पतीच्या वाटीत एक पळी अधिक पडते.

कृष्णाकाठी अंधार उतरतो, तेव्हा तिच्या ओट्यावर घासलेली भांडी पालथी निथळत असतात.