गाडीचे बुश आणि आईचे माहेर

घरात मोटारीचा विषय निघाला म्हणजे तो बहुधा इंजिनाचा, रंगाचा अथवा किमतीचा असतो. बुशांविषयी कोणी बोलत नाही. परंतु गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरी महिनाभर याच विषयाने ठाण मांडले होते, आणि त्याला कारण झाली आमची आई.

वडिलांनी 1984 साली घेतलेली प्रीमियर पद्मिनी अद्याप आमच्या दारी आहे. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, इटलीच्या फियाट 1100 च्या बनावटीवर ही गाडी तयार होत असे. तिचे उत्पादन कधीच थांबले. मुंबईची अखेरची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. त्याच वर्षी पांढुर्णा आणि सौंसर मिळून आमचा नवा जिल्हा झाला.

सौंसर हे आईचे माहेर. वय ऐंशी, कंबर अधू. बसच्या पायऱ्या आता तिला चढवत नाहीत. जामसावळीच्या मारुतीचे दर्शन घ्यावे आणि भावाच्या घरी चार घटका बसावे, एवढीच तिची इच्छा. पण गाडी प्रत्येक गतिरोधकावर खडखडे, ब्रेक दाबताच एका अंगाला ओढे, आणि पुढच्या टायरांच्या आतल्या कडा झिजल्या होत्या. वाटेतल्या धक्क्यांनी आई दोन दिवस अंथरुणाला खिळे. शेवटी “आता नको रे बाबा” असे ती म्हणाली, तेव्हा आम्हांस चैन पडेना.

मिस्त्रीने पाट्याच्या डोळ्यात पहार घालून हलवून दाखविली. “गुरुजी, रबर मेलं. लोखंड लोखंडाला भिडते आहे.”

मागच्या पाट्यांच्या टोकांना आणि पुढच्या आर्मच्या सांध्यांत रबराचे हे लहान बुश असतात. चाकाचा हादरा ते पोटात घेतात आणि चाकाला जागचे हलूही देत नाहीत. प्रश्न एवढाच, की नवे कोणते घालावे?

पुण्यास अभियंता असलेल्या आमच्या चिरंजीवांचे मत पॉलियुरेथेनकडे. जर्मनीत ऑटो बायर यांनी 1937 साली शोधलेला हा पदार्थ. शर्यतीच्या व जुन्या स्पोर्ट्स गाड्यांचे शौकीन त्याचेच बुश पसंत करतात. ते तेलाने खराब होत नाहीत, दीर्घकाळ टिकतात आणि वळणावर चाक जराही ढळू देत नाहीत. “बाबा, एकदा घाला आणि विसरा,” तो फोनवर म्हणाला. युक्तिवाद बिनतोड होता. परंतु जो पदार्थ चाकाला घट्ट धरतो, तो रस्त्याचा हादराही बैठकीपर्यंत पोहोचवितो. शिवाय योग्य ग्रीस नसेल तर कुरकुरतो. आमची गाडी ताशी पन्नासाच्या वर जात नाही. तिला शर्यत जिंकावयाची नव्हती, आईला माहेरी न्यावयाचे होते. आम्ही रबर निश्चित केले.

आता कोणते रबर? एका दुकानदाराने जुन्या साठ्यातील सीलबंद पुडकी मोठ्या कौतुकाने दाखविली. पण रबर पुडक्यातही म्हातारे होते. नख दाबले तर उमटेना, वाकविताच बारीक भेगा दिसल्या. ती आम्ही परत केली. जुने बुश शाळेत नेऊन विज्ञानशिक्षकांनी प्रयोगशाळेच्या व्हर्नियरने मोजून दिले. त्या मापांचा कागद घेऊन नागपुरास गेलो आणि नव्या घडणीचे, नरम पण भरीव बुश दोन्ही बाजूंसाठी आणले. एकच बाजू बदलली तर गाडी तिरकी वागते.

बसविताना मिस्त्रीने एक गोष्ट शिकविली, ती वाचकांच्याही उपयोगी पडावी. बोल्ट अखेरचे आवळायचे ते गाडी जॅकवरून उतरवून, तिचे वजन चाकांवर आल्यावरच. हवेत लटकत असताना आवळले, तर रबराला कायमचा पीळ बसतो आणि ते लवकर फाटते. त्यानंतर चाकांची अलाइनमेंट तपासून घ्यावी. नाहीतर नवे टायरही तसेच झिजतात.

पुढच्या शनिवारी आईला घेऊन निघालो. गाडी काही विमान झाली नव्हती. खड्डे जाणवतच होते, पण ते टोचत नव्हते. सौंसर जवळ येता आई म्हणाली, “रस्ता नवा केला का रे?” आम्ही होय-नाही काहीच बोललो नाही. मामांच्या घरी ती संध्याकाळपर्यंत बसली, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे नेहमीप्रमाणे उठून तिने तुळशीला पाणी घातले.

चिरंजीवांना हे कळविले, तेव्हा ते म्हणाले, “पण पाच वर्षांनी पुन्हा बदलावे लागतील.” लागतील, तर बदलू. पाच वर्षांनीही आईला सौंसरला नेण्याची वेळ यावी, याहून अधिक आम्हांस काय हवे!