ही प्रत अस्सल नाही

सहामाही परीक्षेच्या आदल्या रात्री आम्ही आठवीची उर्दूची प्रश्नपत्रिका टाइप करीत बसलो होतो. एकाएकी स्क्रीन काळीकुट्ट झाली आणि कोपऱ्यात अक्षरे उमटली: ही प्रत अस्सल नाही. आम्ही भडकलो. संगणक आमचा, वीज आमची. आमच्याच घरात आम्हाला चोर म्हणणारा हा कोण?

शेजारी अभ्यास करणाऱ्या लेकीने मान वर करून विचारले, "पण अब्बा, ही सिस्टीम आपण विकत घेतली होती का?"

आम्ही गप्प झालो. दुकानदाराने दोनशे रुपयांत ती 'टाकून' दिली होती. वर्गात कॉपी पकडणारे आम्ही, कॉपीवरच प्रश्नपत्रिका काढीत होतो! त्याच महिन्यात पैसे भरून रीतसर परवाना घेतला.

हक्काची कमाई देऊन घेतल्यावर मात काही प्रश्न विचारायचा अधिकार येतो. २००१ च्या विंडोज एक्सपीपासून घरगुती ग्राहकालाही आपली प्रत कंपनीकडून मंजूर करून घ्यावी लागू लागली. यंत्राचे बरेच भाग बदलले, की मंजुरी पुन्हा. ऑगस्ट २००७ मध्ये तर तपासणी करणाऱ्या सर्व्हरच्या चुकीने दाम मोजलेल्यांच्या प्रतीही नकली ठरल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी!

मांडणीचेही तेच. २०१२ च्या विंडोज ८ मध्ये स्टार्टचे बटण काढले, लोकांनी ओरड केल्यावर पुढच्या वर्षी परत आणले. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ते कोपऱ्यातून मधोमध आले. आमच्या घरात म्हणतात, रात्रीतून कोणी मसाल्याचे डबे हलवले तर सकाळी सालन कसे शिजेल?

खरे तर आपण वस्तू घेतच नाही, वापरण्याची परवानगी घेतो. हे उमगल्यावर जुन्या संगणकावर लेकीच्या मदतीने लिनक्स घातले. केरळच्या सरकारी शाळांतील मुले त्यावरच शिकतात. ते मोफत आहे, वाटायलाही मोकळीक आहे, आणि परवान्याची तपासणी नाही. उर्दूसाठी नोटो नस्तालीक फॉन्टही फुकट मिळतो.

हात बसायला दोन रविवार गेले. वार्षिक परीक्षेची प्रश्नपत्रिका त्यावरच काढली. आता लेकीने तोच प्रश्न पुन्हा विचारला, तरी आमची मान खाली जाणार नाही.