सोडलं कुठे, पडलं कुठे

शाळेच्या कारभारासाठी लिहिलेला एखादा डेस्कटॉप प्रोग्राम डोळ्यांसमोर आणा. डावीकडच्या यादीत पाचवीत प्रवेश झालेली मुलं, उजवीकडे ‘तुकडी अ’. कारकून डावीकडचं एक नाव माउसने धरतो, उजवीकडे ओढत नेतो आणि सोडतो. काम झालं. मात्र ते बिनचूक व्हावं म्हणून प्रोग्रामरला चांगलाच घाम गाळावा लागतो. तरीही एखादा विद्यार्थी दोन्ही याद्यांत दिसतो, नाहीतर दोन्हींतून गायब होतो, आणि फोन येतोच.

माउस आला तेव्हा ही ओढाओढ गृहीत धरलेली नव्हती. १९८१च्या झेरॉक्स स्टार संगणकावर एखादी वस्तू हलवायची तर आधी ती निवडायची, मग कीबोर्डवरची ‘मूव्ह’ ही खास कळ दाबायची आणि शेवटी नव्या जागी क्लिक करायचं. बटण दाबून धरून ओढण्याची सवय लोकांना लावली ती अ‍ॅपलने, आधी १९८३च्या लिसातून आणि पुढच्या वर्षी मॅकिंटॉशमधून. विंडोजमध्ये आजही जिच्यावर बहुतेक डेस्कटॉप प्रोग्राम विसंबतात ती यंत्रणा ओएलई २ बरोबर १९९३च्या सुमारास आली.

या यंत्रणेतली गंमत अशी, की देणारी यादी आणि घेणारी यादी यांची एकमेकींशी ओळखच नसते. देणारी आपला माल एका गाठोड्यात बांधते आणि विंडोजच्या हवाली करते. माउस ज्या यादीवर येईल तिला विचारणा होते: हे घेणार का, आणि घेणार तर हलवून की नक्कल करून? उत्तर मिळालं नाही तर ‘नाही’ असंच धरलं जातं. विंडोज फॉर्म्समध्ये ‘अलाउ-ड्रॉप’ हा गुणधर्म मुळात बंदच असतो. तो चालू केला, तरी ‘ड्रॅग-एंटर’मध्ये परिणाम कोणता ते सांगेपर्यंत कर्सरवर निषेधाचं तिरपी रेघ मारलेलं वर्तुळ दिसत राहतं. नवशिक्यांचा पहिला तास बहुधा याच वर्तुळाकडे बघण्यात जातो.

ओढणं सुरू करणाऱ्या ‘डू-ड्रॅग-ड्रॉप’ला केलेली हाक माउसचं बटण सुटेपर्यंत किंवा एस्केप दाबेपर्यंत परतत नाही. परतताना ती काय घडलं ते सांगते: हलवलं, नक्कल केली, की काहीच नाही. नाव डावीकडून पुसायचं ते या उत्तरानंतर, आणि पुसायचं ते देणाऱ्या यादीनेच. पुष्कळ जण घेणाऱ्या यादीच्या कोडमधूनच डावीकडचं नाव उडवून मोकळे होतात. दोन याद्या एकाच खिडकीत आहेत तोवर हे खपतं. उद्या तेच नाव दुसऱ्या खिडकीतून आलं, किंवा कारकुनाने कंट्रोल दाबून नक्कल मागितली, की घोळ सुरू. दोन्ही याद्यांत दिसणाऱ्या किंवा दोन्हींतून नाहीशा होणाऱ्या विद्यार्थ्याचं मूळ माझ्या मते बहुतेक वेळा इथेच सापडतं.

दुसरा घोटाळा मोजमापाचा. नाव कुठे सोडलं ते ‘ड्रॅग-ड्रॉप’मध्ये एक्स आणि वाय या आकड्यांत मिळतं, पण ते आकडे पडद्याच्या कोपऱ्यापासून मोजलेले असतात. यादी मात्र स्वतःच्या कोपऱ्यापासून ओळी मोजते. ‘पॉइंट-टू-क्लायंट’ने रूपांतर करायचं राहून गेलं, की नाव भलत्याच ओळीत पडतं किंवा थेट यादीच्या तळाशी जातं. शिवाय चूक एका जागी टिकत नाही. खिडकी सरकवली की चुकीचं अंतरही बदलतं, त्यामुळे तपासणारा आणखीच गोंधळतो.

एकाच यादीतला क्रम बदलणं त्याहून फसवं. दुसऱ्या ओळीतलं नाव सातव्याच्या वर आणायचं तर आधी ते काढावं लागतं. काढताच खालच्या सगळ्या ओळी एकेक पायरी वर सरकतात आणि सातवी सहावी होते. अनेक नावं एकदम काढायची असतील तर तळापासून वर काढत यावं, म्हणजे उरलेल्यांचे क्रमांक हलत नाहीत. यादी अकारविल्हे लावलेली असेल तर नाव सोडलेल्या जागी राहतच नाही, आपल्या अक्षराकडे पळतं, आणि कारकून ते शोधत बसतो. अशा यादीत नाव कोणत्या दोन ओळींमध्ये पडेल ते सुचवणारी रेघ दाखवूच नये. पडलेल्या नावापर्यंत यादी सरकवावी आणि ते निवडून दाखवावं.

‘लिस्ट-व्ह्यू’ला ओढणं सुरू झाल्याची वर्दी मिळते, साध्या ‘लिस्टबॉक्स’ला मिळत नाही. मग बटण दाबताक्षणीच ओढणं सुरू करण्याचा मोह होतो, आणि डबल-क्लिक बिघडतो. माउस काही पिक्सेल सरकेपर्यंत थांबणं हा उपाय. ते अंतर किती हे विंडोजच सांगते, आपल्या मनाने ठरवू नये.

मराठी नावांचा एक वेगळा खोडा आहे. गाठोड्यात मजकूर युनिकोडमध्येही असतो आणि जुन्या एएनएसआय रूपातही. मराठीसाठी विंडोजने जुनं एएनएसआय कोडपेज दिलेलंच नाही. त्यामुळे घेणारा जुना प्रोग्राम तेच रूप मागत असेल, तर ‘ज्ञानेश्वर’च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग पडते.

विंडोज व्हिस्टापासून आणखी एक भिंत आली. प्रोग्राम ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ म्हणून चालवला, तर साध्या अधिकाराने चालणाऱ्या एक्सप्लोररमधून ओढलेली फाइल तो घेत नाही, आणि चूक झाल्याचा संदेशही येत नाही. कोडमध्ये चूक शोधत बसणाऱ्यांनी आधी हे बघावं.

इतकं सगळं जमवल्यावर दोन याद्यांमधली बाणांची बटणं काढून टाकावीत, असं काही डिझायनरना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. मॅकेन्झी, सेलन आणि बक्स्टन यांनी १९९१ साली माउस, स्टायलस आणि ट्रॅकबॉल घेऊन केलेल्या प्रयोगात ओढणं हे नुसत्या निर्देशापेक्षा हळू आणि जास्त चुकांचं ठरलं. २०२३च्या डब्ल्यूसीएजी २.२ या निकषांनी, ते वेबसाठी असले तरी, ओढणं अपरिहार्य नसेल तिथे ओढण्याच्या कामाला न ओढता करायचा पर्याय मागितला आहे. हात थरथरणाऱ्या माणसाला बटण दाबून धरून उजवीकडची यादी गाठणं जमेलच असं नाही. बटणं ठेवावीत, कीबोर्डचा रस्ताही ठेवावा, आणि तिन्हींच्या मागे नाव हलवणारं फंक्शन एकच असावं.