दोन घरचा पाहुणा

आकाशास कुंपण नाही, अशी आपली सर्वांची समजूत असते. तेथेही हद्दी असतात, आखीव वाटा असतात आणि त्या वाटांना धनीही असतात, असे कोणी सांगितले तर प्रथम हसूच येते. आमची कन्या परप्रांती नोकरीस असून वर्षातून दोनदा विमानाने घरी येते. तिच्या प्रवासाच्या दिवशी आम्ही उगीच अस्वस्थ होतो आणि घरातील मंडळी, एवढ्या अफाट पोकळीत कोण कोणाच्या वाटेत येणार, असे म्हणून आमची समजूत घालतात. त्यांच्या प्रेमाबद्दल शंका नाही. परंतु अमेरिकेतील एका अपघाताची हकीकत वाचल्यापासून त्यांच्या युक्तिवादाने आमचे समाधान होत नाही.

ती हकीकत थोडक्यात अशी. १९५८ सालच्या एप्रिल महिन्याच्या २१ तारखेस युनायटेड कंपनीचे डीसी-७ जातीचे विमान लॉस एंजेलिसहून पूर्वेकडे निघाले. आत ४२ उतारू व ५ कर्मचारी होते. नेमून दिलेल्या हवाई मार्गाने, २१,००० फूट उंचीवरून त्याचा प्रवास चालला होता. त्याच सुमारास लास व्हेगासजवळच्या नेलिस या लष्करी विमानतळाचे एफ-१०० जातीचे लढाऊ जेट विमान शिक्षणासाठी आकाशात फिरत होते. त्यात गुरू व शिष्य असे दोघे होते. केवळ उपकरणांकडे पाहून विमान चालविण्याचा अभ्यास करता यावा म्हणून शिष्यावर आडोसा घातलेला होता; त्याला बाहेरचे काही दिसू नये, हाच त्या पाठाचा हेतू. बाहेर नजर ठेवणे हे गुरूचे काम. सकाळी साडेआठच्या सुमारास, वेगाने खाली उतरणारे हे जेट व ते प्रवासी विमान लास व्हेगासच्या नैर्ऋत्येस एकमेकांवर आदळले. दोन्ही विमानांतील मिळून ४९ माणसे होती. त्यांतील एकही वाचले नाही. हवा मात्र स्वच्छ होती.

ही हकीकत आम्ही एकदा वर्गात सांगितली, तेव्हा विद्यार्थ्यांनी तत्काळ विचारले, "मग दोष कोणाचा?" प्रश्न स्वाभाविक आहे. अपराधी एकदा हाती लागला म्हणजे मन निवांत होते. येथे बोट दाखविण्यास तो गुरू सोयीचा. पाहण्याचे काम त्याचे होते, त्याने पाहिले नाही. पण चौकशी करणाऱ्या सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्डाने इतक्यावर समाधान मानले नाही. स्वच्छ हवेत ज्याने त्याने पाहावे आणि टाळावे, असा त्या काळचा दंडक होता. ही दोन विमाने जवळजवळ समोरासमोर येत होती व त्यांच्यातील अंतर सेकंदास सुमारे ११०० फुटांनी कमी होत होते. म्हणजे टकरीपूर्वी दहा सेकंद ती एकमेकांपासून दोन मैलांहून अधिक दूर होती. इतक्या अंतरावरून समोरून येणारे विमान म्हणजे काचेवरचा एक ठिपका. आणि जे आपल्यावर आदळणार असते, ते काचेवर जागचे हलतही नाही. असा स्थिर ठिपका डोळ्यास खुणावत नाही. मानवी दृष्टीची ही मर्यादा बोर्डाने मान्य केली आणि त्याबरोबरच, धोका ठाऊक असूनही तो कमी करण्याचे सर्व उपाय न योजल्याचा ठपका नेलिसचा तळ व मुलकी विमान खाते या दोघांवरही ठेवला.

आमच्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. प्रवासी विमानावर मुलकी खात्याची देखरेख होती, जेटवर लष्कराची. दोघांचेही नियम होते. परंतु एकाच्या हद्दीत दुसऱ्याचे कोण फिरत आहे, याची वार्ता इकडून तिकडे जात नव्हती. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी आपल्याकडे म्हण आहे. त्याने तेथे जेवून घेतले असेल, असे हे घर म्हणते आणि तेच ते घरही म्हणते. त्या विमानातील ४७ जीव असे दोन घरचे पाहुणे होते.

पुढे महिनाही लोटला नाही, तोच २० मे रोजी मेरीलँडवर असेच एक लष्करी जेट व प्रवासी विमान यांची टक्कर होऊन प्रवासी विमानातील सर्व ११ जण दगावले. १९५६ मध्ये ग्रँड कॅन्यनवर दोन प्रवासी विमानांच्या टकरीत गेलेले १२८ बळी लोक विसरले नव्हतेच. अखेर २३ ऑगस्ट १९५८ रोजी राष्ट्राध्यक्ष आयसेनहॉवर यांची नव्या कायद्यावर सही झाली आणि मुलकी व लष्करी अशा दोन्ही विमानांच्या आकाशाचा कारभार एका संस्थेच्या हाती आला.

आपल्याकडे १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरी येथे दोन परदेशी विमाने आदळून ३४९ माणसे मेली. एक विमान नेमल्या उंचीखाली उतरले, हे खरे. पण दिल्लीभोवतीचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव असल्याने येणाऱ्याजाणाऱ्यांस एकच वाट उरली होती, हेही तितकेच खरे. आणि २९ जानेवारी २०२५ रोजी वॉशिंग्टन येथे प्रवासी विमान व लष्करी हेलिकॉप्टर यांच्या टकरीत ६७ जण गेले, तेव्हाही समोरच्या विमानापासून दूर राहण्याची भिस्त हेलिकॉप्टरातील माणसांच्या डोळ्यांवरच होती. कायदा झाला म्हणजे जुनी सवय मोडतेच असे नाही.

एका खात्याने रस्ता बांधावा आणि दुसऱ्याने तो आठ दिवसांत खणावा, हे आपण नित्य पाहतो व हसून सोडून देतो. तेथे फार तर धूळ उडते. परंतु कारभाराची ती रीत आकाशात गेली म्हणजे काय होते, ते नेव्हाडाच्या वाळवंटाने पाहिले आहे. म्हणून दोष कोणाचा, या प्रश्नापूर्वी आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय आमच्या तरुण मित्रांनी लावून घ्यावी: हा धोका आधी कोणकोणास ठाऊक होता, आणि तो दूर करणे हे आपले काम आहे, असे त्यांपैकी कोणास वाटले होते?