आधी सांगा, आग कुठे लागणार?

प्रीमियर पद्मिनी घेतली तेव्हा बॉनेटखालची निम्मी नावंही मला येत नव्हती. कुर्ल्याच्या कारखान्यातली, १०८९ सीसीची, पुढे सलग बाकासारखी सीट असलेली गाडी. रविवारी नाशिकच्या गंगापूर रोडने धरणापर्यंत, फार तर त्र्यंबकपर्यंत न्यायची, एवढीच हौस. मुंबई नाक्याकडच्या गॅरेजातल्या मिस्त्रींनी पहिल्याच कामाला पेट्रोलचा रबरी पाइप दुमडून दाखवला. वरून धडधाकट दिसणाऱ्या पाइपावर बारीक चिरा उघडल्या. "आता पेट्रोलात वीस टक्के इथेनॉल. जुनं रबर त्याच्यापुढे टिकत नाही. पाइप बदलतो, पण गाडीत एक फायरचा सिलिंडर ठेवा," ते म्हणाले आणि जॅकखाली सरकले. कोणता सिलिंडर, हे त्यांनी सांगितलं नाही, आणि विचारायचं असतं हे मला ठाऊक नव्हतं.

कार डेकोरच्या दुकानात डिओच्या बाटलीएवढा फवारा काढून दिला. "सगळ्या आगीला चालतो." शेजारच्या दुकानात पेनासारखी लांब कांडी निघाली, तिच्यातून म्हणे धूर येतो आणि आग विझते. मित्राने सीओटूच घे म्हणून बजावलं, कारण त्याच्या ऑफिसात सर्व्हर रूमबाहेर तोच टांगलेला आहे. जुन्या गाड्यांचा नाद असलेल्या एका काकांनी तर हॅलॉनसाठी उसासा टाकला. असा वायू पुन्हा होणे नाही, कसलाही राडा नाही, इंजिन पुसायलाही लागायचं नाही. ते खरंच आहे. पण हॅलॉन ओझोनचा थर खातो म्हणून १९८७ च्या माँट्रिअल कराराखाली त्याचं उत्पादन बंद करण्यात आलं. म्हणजे काकांचा सल्ला उत्तम होता आणि निरुपयोगी होता.

शेवटी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत, कारखान्यांना सिलिंडर पुरवणाऱ्या आणि भरून देणाऱ्या एका माणसाकडे गेलो. शेडमध्ये लाल सिलिंडरांच्या रांगा. मी विचारलं, "यातला चांगला कोणता?" त्याने खुर्ची पुढे केली. "आधी सांगा, आग कुठे लागणार?"

मला हा प्रश्न अशुभच वाटला. पण त्याने तो सोडला नाही. पेट्रोलची टाकी कुठे? मागे. पंप? इंजिनला जोडलेला, इंजिन फिरलं तरच चालणारा. मग किल्ली बंद केली की पंप थांबतो, हे तुमचं पहिलं अग्निशमन, तो म्हणाला. कार्ब्युरेटर, तापलेला एक्झॉस्ट, डिस्ट्रिब्युटर आणि बॅटरीच्या वायरी, सगळं एकाच बॉनेटखाली. म्हणजे आग बहुधा तिथे, आणि ती पेट्रोलची: बी वर्गाची. लाकूड, कापड, सीटचा फोम यांची ती ए वर्गाची. वायूची सी. धातूची डी. विजेला वेगळं अक्षर नाही. तिथे फक्त वीज वाहून नेणार नाही असं द्रव्य हवं, आणि आधी बॅटरीचा कट-ऑफ.

या हिशेबाने एकेक दावेदार गळू लागला. सीओटू स्वच्छ खरा, पण तो हवा बाजूला सारून विझवतो. रस्त्याच्या कडेला, वाऱ्यावर, खालून उघड्या असलेल्या इंजिनाशी तो टिकणार किती? शिवाय जाड नळकांडं. दोन किलो वायूसाठी सहा-सात किलोचं धूड, त्यावर काटाही नाही, भरलेला आहे की नाही हे वजन करूनच कळतं. धुराच्या कांडीचंही तेच: बंद डब्यात उत्तम, वाऱ्यावर लंगडी. फोमची गंमत अशी की, साधा फोम पेट्रोलवर साय धरतो, पण इथेनॉल ती साय फोडतं. त्याला अल्कोहोल सोसणारा फोम लागतो. आपण पंपावर जे भरतो ते इतकं बदललंय, हे मला सिलिंडरवाल्याकडून कळावं!

उरली पावडर आणि क्लीन एजंट. क्लीन एजंट म्हणजे हॅलॉनचे नवे वारस. राडा करत नाहीत, किंमत मात्र पावडरच्या कितीतरी पट, आणि तेवढ्याच वजनात मारही कमी. पावडर स्वस्त आणि जबरदस्त. तिचा गुन्हा नंतरचा. एबीसी पावडर म्हणजे मुख्यतः मोनोअमोनियम फॉस्फेट. तापलेल्या भागावर ती वितळून चिकटते आणि ओल लागली की आम्लासारखी वागते. ॲल्युमिनियमला आणि वायरींच्या जोडांना खाते. कार्ब्युरेटर कशाचा बनवतात ते तोवर मला कळलं होतं. तो म्हणाला, "विझल्यावर त्याच दिवशी ब्लोअर मारायचा, पुसायचं, धुवायचं. आळस केला तर आगीतून वाचलेलं इंजिन पावडर खाणार." सोडा बायकार्बची बीसी पावडर त्या मानाने सौम्य, पण सीट पेटली तर तिचा उपयोग नाही.

लेबल वाचायलाही त्यानेच शिकवलं. आयएसआयची खूण, आयएस १५६८३ हा क्रमांक, परवान्याचा सीएम/एल नंबर; तो नंबर बीआयएस केअर ॲपवर घालून खरा-खोटा पाहता येतो. त्याखाली '२१ बी' असं काहीतरी असतं. एकवीस म्हणजे परातीत भरलेले एकवीस लिटर द्रव, त्यात एक भाग पाणी आणि दोन भाग इंधन. ते पेटवून चाचणी घेतात. डेकोरच्या दुकानातल्या फवाऱ्यावर असा आकडाच नव्हता, ज्वाळेचं चित्र तेवढं होतं.

मग त्याने अंगणात एक पत्र्याची परात ठेवली, तळाला पाणी, वर थोडं पेट्रोल, आणि भरायला आलेला एक किलोचा जुना सिलिंडर माझ्या हातात दिला. मनात मी बराच वेळ फवारत होतो. प्रत्यक्षात आठ-दहा सेकंदांत खेळ खलास. पहिली दोन तर ज्वाळेच्या शेंड्यावर गेली, कारण नजर तिथेच खिळते. "बुडाला मारा, बुडाला! आणि वारा पाठीशी घ्या!" आग विझली, मी पांढरा झालो. दुसऱ्या परातीला दोन किलोचा दिला तेव्हा फरक कळला. दुपटीने वेळ नव्हता, पण चुकायला जागा होती.

बॉनेटची युक्ती शिंगाडा तलावच्या अग्निशमन केंद्रात एका जवानाने सांगितली. खटका सोडायचा, पण बॉनेट उचलायचं नाही. उचललं की आत हवा शिरते आणि आग तोंडावर येते. बोटभर फटीतून नोझल घालून मारायचं. आणि आधी माणसं बाहेर, मग १०१, मग सिलिंडर. आग केबिनमध्ये शिरली असेल तर सिलिंडर टाकून लांब पळायचं. बोलता बोलता विषय ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटेवर आला, औरंगाबाद रोडवर ट्रकशी धडकून पेटलेल्या यवतमाळ-मुंबई खासगी बसवर. बारा माणसं गेली. तिथे दोन किलोची पावडर काय करणार होती, असं मी विचारलं नाही.

तर ठरलं: दोन किलोचा एबीसी. वाटलं, संपलं. पण ठेवायचा कुठे? डिकीत ठेवून उपयोग नाही, तिथे टाकी. रॅलीवाल्यांना विचारलं, नाशिकला रॅलीची जुनी परंपरा, आणि या लोकांना नियम तोंडपाठ. एफआयए या मोटर शर्यतींच्या जागतिक संघटनेचा दंडक असा की, सिलिंडरची बैठक गुरुत्वाकर्षणाच्या पंचवीस पट झटका सोसणारी हवी, धातूचे पट्टे हवेत आणि ते झटक्यात सुटायला हवेत. भरलेला दोन किलोचा सिलिंडर चारेक किलोचा. पंचविसाने गुणलं की शंभर किलो. सिलिंडरबरोबर मिळालेल्या प्लास्टिकच्या क्लिपा मी तिथेच खिशात टाकल्या.

पुढच्या बाकाखाली, ड्रायव्हरच्या हाताला येईल अशी जागा मिस्त्रींनी मुक्रर केली. ड्रिल लावलं आणि फरशीचा पत्रा बिस्किटासारखा तुटला. खालून गंजलेला. आता आधी पत्रा कापायचा, नवा वेल्ड करायचा, त्यावर जाड पट्टी, मग बोल्ट. वेल्डिंगच्या आधी टाकी उतरवायची. हे सगळं ज्या सिलिंडरसाठी, तो तोवर घरी, स्वयंपाकघराच्या दाराशी उभा आहे. महिन्यातून एकदा उलटा करून थोपटायचा, कारण गाडीच्या हादऱ्यांनी पावडर तळाशी बसते. इथे हादरे नाहीत, तरी मी थोपटतो.

आईने परवा विचारलं, "हा गॅसला चालतो का?" मी म्हटलं, चालतो, पण आधी रेग्युलेटर बंद करायचा. "आणि कढईतलं तेल पेटलं तर?" नाही चालत, जोराने तेल उडेल; त्याच्यासाठी वेगळ्या केमिकलचा सिलिंडर येतो, मी सातपूरला विचारून येतो.

"कशाला?" ती म्हणाली. "झाकण आहे की."