ध्रुवपदाचा हिशेब

आमच्या भाचीची लेक जनुकशास्त्रात संशोधन करते, हे घरच्या मंडळींना ठाऊक आहेच. मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेला माणूस. तिचं काम समजून घ्यायला मला तीन रविवार लागले. पण जे समजलं ते इतकं आवडलं, की म्हटलं लिहून ठेवावं.

माणसाच्या डीएनएत सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. त्यातला जवळजवळ निम्मा मजकूर पुन्हापुन्हा येणारा! 'अलू' नावाचा साधारण ३०० अक्षरांचा तुकडा तर दहा लाखांहून जास्त ठिकाणी सापडतो. पुष्कळ वर्षं ही अडगळच समजली गेली. बार्बरा मॅक्लिंटॉक बाईंनी मात्र १९४०च्या दशकातच मक्यात पाहिलं होतं, की असे जागा बदलणारे तुकडे जनुकांना चालू-बंद करतात. नोबेल मिळालं १९८३ साली!

आता अडचण अशी. पेशीत कोणता तुकडा जागा आहे हे शोधताना यंत्रं बहुधा शे-दीडशे अक्षरांच्या चिठ्ठ्याच वाचतात. आरतीसंग्रह डोळ्यांपुढे आणा. बऱ्याच आरत्यांचं ध्रुवपद एकच. गणपतीत म्हटलेल्या आरत्या लिहून कागद टराटरा फाडले, तर नुसत्या ध्रुवपदाची चिठ्ठी कुठल्या आरतीची?

पूर्वी अशा चिठ्ठ्या सर्रास टाकून देत. "आजोबा, टाकून देणं म्हणजे निःपक्षपाती राहणं नव्हे," असं ती म्हणाली, आणि ते मला पटलं. कारण अलीकडे पसरलेल्या प्रती एकमेकींशी जास्त सारख्या असतात आणि जाग्या असण्याचा संभवही त्यांचाच जास्त. म्हणजे नेमक्या त्याच हिशेबातून गळतात.

त्यावर १९७७ साली मांडलेली एक संख्याशास्त्रीय रीत वापरतात. पहिल्या आरतीच्या खात्रीच्या चिठ्ठ्या ३०, दुसरीच्या १०, संदिग्ध ४०. आधी त्या ४० निम्म्या-निम्म्या वाटा. बेरीज ५० आणि ३०. आता त्याच ४० पुन्हा ५:३ प्रमाणात वाटा. झाले ५५ आणि २५. असं करत गेलं की हिशेब ६० आणि २० वर येऊन थांबतो. आकडेमोड सातवीतलीच, हो की नाही?

अर्थात दोन प्रतींत एकाही अक्षराचा फरक नसेल, तर गणितही हात टेकतं. तिथे हजारो अक्षरं सलग वाचणारी नवी यंत्रं थोडीफार मदत करतात, कारण आजूबाजूचा मजकूरही हाती येतो.

हा खटाटोप कशासाठी? २०१६ साली युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की प्राचीन विषाणूंचे आपल्या डीएनएत उरलेले असे काही तुकडे रोगप्रतिकारक जनुकांना जागं करतात. अडगळ म्हणून झाडून टाकलं असतं तर?

वर्ग एका सुरात पाढे म्हणतो, तेव्हा कोणाचा आवाज कोणाचा ते कळत नाही. म्हणून कोणीच म्हटले नाहीत, असं काही आपण हजेरीत लिहीत नाही. शंका असेल तर तीही प्रमाणात वाटून मांडावी, हे मला फार प्रामाणिक वाटलं.

असो. पोरी, काही चुकलं असेल तर आजोबांना फोन कर.